एका वानर-अभ्यासकाची कारकीर्द : वऱ्हाडी वाचकांसाठी प्रस्तावना

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला वानराची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, अकोटहून शहानूरमार्गे नरनाळ्याच्या तटबंदीकडे जाताना, किंवा मोर्शी-वरुडच्या संत्र्यांच्या बागांच्या कडेने चालताना काळ्या तोंडाची, करड्या अंगाची आणि लांब शेपटीची ही जमात त्याच्या दृष्टीस पडते; गावातल्या मारुतीच्या देवळामुळे तिच्याविषयी त्याच्या मनात आदर असतो, आणि हरभऱ्याच्या वावरात तिने मांडलेल्या उच्छादामुळे त्याच मनात संतापही असतो. आदर आणि संताप या दोन्ही भावना खऱ्या आहेत, परंतु त्यांपैकी एकीनेही या प्राण्याविषयीचे आपले ज्ञान वाढवलेले नाही. टोळीत कोण कोणाचे असते, हुप्या किती वर्षे टिकतो, तो गेल्यावर काय घडते, माद्यांचे आपापसांतले नाते कशावर उभे असते, उन्हाळ्यात पानझडीचे जंगल उघडे पडल्यावर ही जमात कशावर गुजराण करते, या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी वर्षानुवर्षे झाडाखाली बसून मिळवली, त्यांच्या परिश्रमांची हकिकत मराठीत फारशी आलेली नाही. पुढील प्रकरणांत जो विषय विस्ताराने येणार आहे त्याचे प्रवेशद्वार म्हणून मी येथे एका शास्त्रज्ञाची कारकीर्द निवडली आहे. ते जपानचे युकिमारू सुगियामा. त्यांच्या कीर्तीचा पाया ज्या जंगलात घातला गेला ते जंगल आपल्यापासून फार दूर नाही. ते धारवाडचे आहे.

सुगियामा ज्या परंपरेत तयार झाले तिचा थोडा परिचय आधी करून देणे अगत्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धातून जपान नुकताच बाहेर पडला असताना, १९४८ साली, क्योतो विद्यापीठातील किंजी इमानिशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोशिमा या लहानशा बेटावरील माकडांचे निरीक्षण आरंभिले. त्यांची पद्धत त्या काळच्या पाश्चात्त्य शास्त्राला काहीशी अपरिचित, आणि म्हणून काहीशी संशयास्पद वाटणारी होती. कारण टोळीतील प्रत्येक प्राणी चेहऱ्यावरून ओळखावयाचा, त्याला नाव किंवा खूण द्यावयाची, त्याची आई कोण, भावंडे कोण, याचा माग ठेवावयाचा आणि वर्षे लोटली तरी तोच माग सोडावयाचा नाही, असा तिचा कटाक्ष होता. या साक्षेपाचे फळ लवकरच दिसले. १९५३ साली कोशिमावरील ‘इमो’ नावाच्या एका अल्पवयीन मादीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खाण्यास प्रारंभ केला, आणि ती रीत प्रथम तिच्या सोबत्यांत व आप्तांत आणि मग टोळीत कशी पसरत गेली हे त्या निरीक्षकांना पायरीपायरीने नोंदवता आले. प्राणी एकेक ओळखीचे नसते तर त्या नोंदीला काहीच अर्थ उरला नसता. १९५६ साली जपान मंकी सेंटरची स्थापना झाली, पुढच्याच वर्षी त्या संस्थेने ‘प्रायमेट्स’ हे नियतकालिक सुरू केले, आणि या नियतकालिकाच्या पानांतून भारतातील वानर जगाच्या विद्वत्सभेत ज्या रीतीने प्रविष्ट झाले, ती रीत सुगियामांची होती.

१९६१ साली भारत-जपान संयुक्त योजनेखाली सुगियामा धारवाडला आले आणि १९६३ पर्यंत त्यांचे काम तेथे चालले. केंजी योशिबा आणि भारतीय सहकारी एम. डी. पार्थसारथी हे त्यांच्याबरोबर होते. धारवाड जिल्हा तोवर नुकताच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेला होता, आणि ज्या १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेने तो गेला त्याच पुनर्रचनेने वऱ्हाड मुंबई राज्यात आला. दप्तरे इकडची तिकडे झाली, पण पानझडी जंगले, उन्हाळ्याचा कोरडेपणा, जंगलाला खेटून असलेली शेते आणि गावाशी सलगी ठेवून राहणारे वानर यांत दोन्ही मुलखांचे साम्य होते तसेच राहिले. शहराच्या पश्चिमेकडील रानात सुगियामांनी टोळ्या मोजल्या, त्यांच्या हद्दी नकाशावर उतरवल्या आणि प्रत्येक टोळीत नर किती, माद्या किती, पिले किती, याची नोंद केली. त्यांना आढळलेली दाटी विस्मयकारक होती. दर चौरस किलोमीटरला ऐंशीहून अधिक, आणि काही भागांत शंभराहूनही अधिक वानर तेथे राहत होते. बहुसंख्य टोळ्यांत प्रौढ नर एकच असे. उरलेले नर आपल्या निराळ्या नरटोळ्या करून हिंडत, आणि या दोन प्रकारच्या समूहांमध्ये कायम तणाव असे.

या निष्कर्षाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या जरा आधी झालेले दुसरे काम लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या फिलिस जे या विदुषीने १९५८ पासून १९६० पर्यंत उत्तर प्रदेशातील काउकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे हनुमान-वानरांचा अभ्यास केला होता. तिला भेटलेल्या टोळ्यांत अनेक प्रौढ नर एकत्र नांदत होते, भांडणे विरळ होती, आणि नवजात काळे पिलू एका मादीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत निर्धास्तपणे फिरत होते. वानरांची संख्याही तेथे अत्यंत तुरळक होती. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याची दोन ठिकाणची समाजव्यवस्था इतकी भिन्न निघावी, हे पाहून काहींनी एकाचे किंवा दुसऱ्याचे निरीक्षण चुकीचे असावे असा तर्क केला. वस्तुतः दोन्ही निरीक्षणे यथातथ्य होती. दाटी, अन्नाची विपुलता, ऋतूंचे मान, शिकारी श्वापदांचे भय आणि माणसाचा शेजार यांनुसार वानरांचा समाज निरनिराळे आकार घेतो, ही गोष्ट योशिबांनी पुढे १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या तौलनिक निबंधात साधार मांडली. त्या काळी एकच मानल्या गेलेल्या या जातीचे वर्गीकरणकारांनी नंतर अनेक जातींत विभाजन केले, ही बाबही याच संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु सुगियामांचे नाव ज्या घटनेशी कायमचे जोडले गेले ती घटना १९६२ साली घडली. त्यांच्या नित्य निरीक्षणाखालील एका टोळीवर नरांच्या एका जथ्याने हल्ला केला, टोळीचा हुप्या हुसकला गेला, आणि हल्लेखोरांपैकी एकाने बाकीच्या नरांनाही दूर सारून टोळी आपल्या ताब्यात घेतली. इथवरचा प्रकार सत्तापालटाचा होता. त्यानंतर टोळीतील अंगावर पिणारी पिले एकामागून एक चावली जाऊन नाहीशी झाली, आणि ज्या माद्यांची पिले गेली त्या थोड्याच अवधीत माजावर येऊन नव्या नराशी रत झाल्या. सुगियामांनी हे लिहून ठेवले. पुढे दुसऱ्या एका टोळीतील एकुलता नर त्यांनी प्रयोग म्हणून काढून घेतला, तेव्हा त्या टोळीत शिरलेल्या परक्या नराकडूनही पिलांची तीच गत झाली. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असा प्रयोग शासनाच्या परवानगीवाचून कोणालाही करता येत नाही, हे येथे सांगितले पाहिजे.) या दोन्ही हकिकती ‘प्रायमेट्स’च्या १९६५ आणि १९६६ च्या खंडांत प्रसिद्ध झाल्या.

ज्या देशात वानराला देवाचा सेवक मानतात त्या देशातील वाचकाला ही हकिकत वाचून क्लेश होणे स्वाभाविक आहे. तथापि त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही ती कमी क्लेशकारक नव्हती. प्राण्यांचे वर्तन आपापल्या जातीच्या कल्याणासाठी असते, अशी समजूत तेव्हा सर्वत्र रूढ होती, आणि स्वजातीची पिले मारणारा नर त्या समजुतीत कोठेच बसत नव्हता. म्हणून कित्येकांनी या घटनेला विकृती मानले आणि तिचा दोष अतोनात दाटीवर किंवा माणसाच्या उपद्रवावर टाकला. परंतु जोधपूरच्या एस. एम. मोहनोत यांनी १९७१ साली पश्चिम राजस्थानातून तशाच घटना नोंदवल्या, आणि त्याच सुमारास सारा ब्लॅफर हर्डी ही अमेरिकन संशोधिका अबूच्या पहाडावर वानरांच्या मागे फिरू लागली. हर्डीने १९७४ साली आपली उपपत्ती मांडली आणि १९७७ साली ‘द लंगूर्स ऑफ अबू’ या ग्रंथात तिचा विस्तार केला. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की मादीचा गर्भकाळ साडेसहा महिन्यांच्या आसपास असतो, पिलू वर्षाहून अधिक काळ दूध पिते, आणि दूध पाजणारी मादी सहसा पुन्हा गाभण राहत नाही. उलटपक्षी हुप्याची सत्ता बहुधा दोन-अडीच वर्षांपलीकडे टिकत नाही. अशा स्थितीत आधीच्या नराची पिले नष्ट करणाऱ्या नराला स्वतःची संतती वाढवण्यास अधिक अवसर मिळतो, आणि पिढ्यानुपिढ्या हीच प्रवृत्ती टिकून राहते. फिलिस जे, ज्या पुढे डॉल्हिनो या नावाने लिहू लागल्या, त्यांनी आणि इतरांनी या उपपत्तीवर तीव्र आक्षेप घेतले. प्रत्यक्ष पाहिलेल्या घटना किती आणि अनुमानलेल्या किती, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. त्याचे एक बळकट उत्तर १९९९ साली नेपाळातील रामनगरच्या वानरांवरून मिळाले. कॅरोला बोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेतून मिळवलेल्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करून दाखवले, की पिलांवर हल्ले करणारे नर त्या पिलांचे जनक नव्हते. धारवाडच्या रानात लिहिलेल्या नोंदीपासून या परीक्षेपर्यंत सदतीस वर्षे गेली होती.

या सदतीस वर्षांचा विचार करताना सुगियामांचे श्रेय नेमके कशात आहे ते स्पष्ट होते. त्यांनी घटनेची पुढे रूढ झालेली उपपत्ती दिली असे नव्हे. ती इतरांनी दिली, आणि तीवरही वाद झाले. त्यांचे श्रेय असे, की जे आपल्या अपेक्षेविरुद्ध, आपल्या काळच्या सिद्धांताविरुद्ध आणि आपल्या स्वतःच्या जिव्हाळ्याविरुद्ध होते, तेही त्यांनी दिवस, स्थळ आणि प्राणी यांच्या तपशिलासह जसेच्या तसे लिहून ठेवले, आणि त्या लेखनाचा आधार घेऊन पुढच्या पिढीला आपापले मत बनवता आले. उपपत्ती बदलतात, प्रामाणिक नोंद मात्र कोणत्याही उपपत्तीपुढे साक्ष देण्यास उभी राहते. निरीक्षणाच्या शास्त्राला पुढे अधिक काटेकोर रूप आले. आफ्रिकेतील बबूनांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ साली दाखवून दिले, की डोळ्यांत भरेल तेवढेच टिपणारा निरीक्षक नकळत भांडणे आणि गोंगाट यांनाच जास्त स्थान देतो. म्हणून आधी ठरवलेला एकच प्राणी ठरलेल्या मुदतीपर्यंत पाहावा, तो नुसता झोपला असेल तर तसे लिहावे, आणि मग क्रमाने दुसरा घ्यावा. आज जगातील बहुसंख्य वानर-अभ्यासक या रीतीने काम करतात. ज्याला नाट्य हवे आहे त्याच्यासाठी हे काम नव्हे. वानरांच्या दिवसाचा फार मोठा भाग पाने चावण्यात आणि ती पचवीत बसण्यात जातो.

धारवाडनंतर सुगियामांची दृष्टी आफ्रिकेकडे वळली. युगांडातील बुडोंगोच्या जंगलात त्यांनी चिंपांझींचे समूह कसे जमतात व पांगतात याचे निरीक्षण केले, आणि १९७६ पासून पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या बोसू या खेड्याजवळील टेकड्यांवर त्यांचे दीर्घकालीन काम सुरू झाले. तेथील चिंपांझी एका दगडाची ऐरण आणि दुसऱ्याचा हातोडा करून तेलमाडाची कठीण फळे फोडतात. गिनीचे जेरेमी कोमन यांच्यासह सुगियामांनी १९७९ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. बोसूची मूठभर चिंपांझींची टोळी गावाच्या शेजारी, शेतांच्या कडेला, आणि ग्रामस्थांच्या श्रद्धेच्या आश्रयाने टिकून होती. वऱ्हाडी वाचकाने याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण माणसापासून तोडलेले निर्मनुष्य अरण्य हीच अभ्यासाची एकमेव जागा आहे हा समज बोसूने आणि धारवाडने सारखाच खोटा ठरवला आहे.

त्यांच्या कारकिर्दीचा आणखी एक भाग आपल्या व्यवहाराशी थेट निगडित आहे, आणि त्याचा उल्लेख मी मुद्दाम विस्ताराने करतो. जपानच्या ओइता शहराजवळ ताकासाकियामा नावाचा डोंगर आहे. तेथील माकडे भोवतालच्या शेतांची नासाडी करीत. त्यावर उपाय म्हणून, आणि प्रवाशांचे आकर्षण म्हणूनही, १९५२-५३ च्या सुमारास त्या शहराच्या नगराध्यक्षांनी माकडांना डोंगराच्या पायथ्याशी रोज खाद्य घालण्याची तजवीज केली. माकडे आली, प्रवासीही आले. परंतु आरंभी दोनशेच्या आसपास असलेली माकडांची संख्या पुढल्या पंचवीस वर्षांत हजाराच्या पलीकडे गेली. अशा खाद्य घातल्या जाणाऱ्या जपानी माकडांच्या जन्ममृत्यूंचा हिशेब सुगियामा आणि हिदेयुकी ओहसावा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केला. आयते खाद्य मिळणाऱ्या माद्या लवकर विऊ लागतात, अधिक वेळा वितात, आणि त्यांची पिले कमी मरतात; खाद्य कमी केले की हे प्रमाण उतरते, असे त्यातून निष्पन्न झाले. चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर, घाटाच्या वळणांवर आणि देवस्थानांच्या आवारात आपण भक्तीने किंवा कौतुकाने जे शेंगदाणे, केळी आणि बिस्किटे टाकतो, त्यांचा परिणाम काय होऊ शकतो याचा हा स्पष्ट इशारा आहे. घाटात मूठभर दाणे टाकणारा प्रवासी पायथ्याच्या कास्तकाराच्या हरभऱ्यावर भार टाकीत असतो, आणि वाहनांखाली सापडणाऱ्या पिलांच्या मृत्यूलाही तोच कारण होतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत मेळघाट पसरला आहे. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले त्यांत तो होता, आणि सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या त्याच्या नद्या तापीला मिळतात. अकोला जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचे नरनाळा अभयारण्य याच अरण्याचा दक्षिण उंबरठा आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस यांच्या या जंगलात वानराचे स्थान केवळ पाहुण्याचे नाही. त्याच्या पोटात अनेक कप्पे असून त्यांतील जिवाणू पानांचा तंतुमय भाग आंबवून पचनयोग्य करतात, म्हणून इतरांना निरुपयोगी असलेल्या पक्व पानांवरही तो दिवस काढू शकतो. कोवळी पालवी, कळ्या, फुले, फळे आणि बिया तो ऋतुमानाप्रमाणे निवडून घेतो. त्याच्या हातून खाली पडणारा पालाफळांचा चारा चितळांना मिळतो, आणि झाडाच्या शेंड्यावरून बिबट्या किंवा वाघ दिसताच तो जी खाकर देतो ती चितळांना सावध करते. पॉल न्यूटन यांनी कान्ह्याच्या जंगलात या सहवासाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. कान्ह्याचा तो अभ्यास आहे, धारवाडचा आहे, अबूचा आहे, जोधपूरचा आहे. मेळघाटच्या टोळ्यांचा तशाच मुदतीचा, एकेक प्राणी ओळखून केलेला इतिहास मात्र आपल्या हाती नाही, आणि काउकोरी व धारवाड यांच्यातील भेद पाहिल्यावर दुसरीकडचे उत्तर आपल्याला आयते लागू पडेल असे मानण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

हा मुलूख शास्त्राच्या नजरेतून कधी सुटला होता असेही नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ च्या सुमारास सस्तन प्राण्यांचे देशव्यापी सर्वेक्षण आरंभिले तेव्हा खानदेशाच्या पाठोपाठ वऱ्हाडचा अहवाल १९१२ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणाचा हेतू कातडी, कवट्या आणि मापे गोळा करण्याचा होता, व त्या काळाला तो साजेसाच होता. जिवंत टोळीचे वर्षानुवर्षांचे चरित्र लिहिण्याचे काम त्यानंतरचे आहे, आणि त्याला लागणारी सामग्री आपल्याजवळ आहे. कोणते झाड केव्हा फुलते, कोणत्या दरीत पाणी वैशाखापर्यंत टिकते, कोणती टोळी कोठे निजते, हे मेळघाटातील कोरकू वडीलधाऱ्यांना ठाऊक असते, आणि असे ज्ञान बाळगणाऱ्याला वाटाड्याच्या रोजंदारीवर न ठेवता कोमन यांच्यासारखे सहलेखकाचे स्थान मिळाले पाहिजे. १९२३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय, १९८३ पासूनचे अमरावती विद्यापीठ आणि १९६९ पासूनचे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या संस्था जंगलापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने टोळीचा अभ्यास करावा, कृषिशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याच टोळीने केलेल्या नासाडीचे वावरनिहाय मोजमाप करावे, आणि दोघांची दप्तरे एकत्र ठेवली जावीत, ही योजना अशक्य कोटीतील नाही.

कास्तकाराची तक्रारही अशाच मोजमापाने न्याय्य रीतीने तडीस जाईल. पीक कोणत्या महिन्यात, कोणत्या टोळीने, जंगलाच्या काठापासून किती अंतरावर खाल्ले, हे माहीत नसताना दिलेली भरपाई अंदाजाची असते, आणि हुसकून लावलेल्या किंवा पकडून दुसरीकडे सोडलेल्या हुप्यामुळे टोळीत काय उलथापालथ होते हे माहीत नसताना केलेला बंदोबस्त मूळ दुखणे वाढवण्याचा संभव असतो. धारवाडच्या दुसऱ्या टोळीतून एक नर काढून घेतला तेव्हा काय झाले, हे आपण वर पाहिलेच आहे.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने एवढे मनात धरावे, की या विषयातील प्रत्येक मोठा निष्कर्ष कोणीतरी एका ठिकाणी दीर्घकाळ बसून लिहिलेल्या साध्या नोंदींवर उभा आहे. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या तरुण-तरुणींना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की त्यांनी आपल्या गावाजवळची एक टोळी निवडावी, वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, तिला खाऊ घालू नये, तिच्यातील प्रत्येक प्राणी ओळखू येईपर्यंत धीर सोडू नये, आणि जे दिसेल ते, आवडो वा न आवडो, तारखेसह लिहावे. आपले शिक्षण संपेल तेव्हा ती वही पुढच्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावी. वऱ्हाडच्या वानरांचा इतिहास त्या वह्यांतूनच लिहिला जाईल.